रात्री किती माणसं असतात, ते आधी विचारा

आईच्या डाव्या टाचेवरचा काळा डाग दिसला, तेव्हा तिला त्या केंद्रात जाऊन सहा आठवडे झाले होते. मोजा काढला म्हणून तो दिसला. दर रविवारी आम्ही जायचो तेव्हा ती वेणीफणी करून, धुतलेल्या गाऊनमध्ये, पायांवर पांघरूण घेऊन बसलेली असायची. बघून बरं वाटायचं. डॉक्टरांनी टाच पाहिली आणि सांगितलं, बेडसोर आहे. टाच तासन्‌तास गादीवर दाबली गेली, तिथे रक्त पोचेनासं झालं आणि कातडी मेली.

जागा निवडताना आम्ही बाग पाहिली होती, खोलीतला उजेड पाहिला होता, स्वयंपाकघरात डोकावलो होतो, दर विचारला होता. रात्री कामाला किती माणसं असतात, हे मात्र विचारलं नव्हतं. तिथे रात्री २२ खाटांना एक मावशी होती.

आईला दुसरीकडे हलवलं. जखम भरायला चार महिने लागले. पुढची दोन वर्षं ती त्या दुसऱ्या जागी नीट राहिली. या सगळ्यात जे कळलं ते आधी माहीत असतं तर आईची टाच वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय. अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसाला कायमचं ठेवून घेऊन त्याचं सगळं करणारी जी जागा असते, तिला एक ठरलेलं नाव नाही. पाटीवर कुठे केअर सेंटर, कुठे शुश्रूषा केंद्र, कुठे ज्येष्ठ निवास, तर कुठे नुसतं वृद्धाश्रम. या नावांवर जाऊ नका. बऱ्याच वृद्धाश्रमांच्या नियमांत ‘स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे’ अशी अट असते. खुबा मोडला, की आठवड्याभरात ‘तुमच्या वडिलांना घेऊन जा’ असा फोन येतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: उद्या हे अंथरुणाला खिळले तर ठेवून घ्याल का? आणि घेतलंत तर दर किती होईल?

दुसरा प्रश्न नोंदणीचा. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा पुरवणारी जागा, अशी त्यात नर्सिंग होमची व्याख्या आहे. नाकातून नळी, लघवीची पिशवी, इंजेक्शनं, ड्रेसिंग हे सगळं करू म्हणणाऱ्या केंद्राला या कायद्याखालची नोंदणी आहे का, ते विचारा. महापालिकेच्या हद्दीत ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. पुष्कळ ठिकाणी तुमच्यासमोर शॉप ॲक्टचा कागद किंवा ट्रस्टच्या नोंदणीचं प्रमाणपत्र ठेवलं जाईल. ते कागद खरे असतील, पण त्यांतून तिथल्या शुश्रूषेबद्दल काहीच कळत नाही. इमारतीला अग्निशमन व्यवस्था असेल तर ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तोही बघायला मागा. जुन्या बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर, कुलूपबंद ग्रिलच्या आत दहा न चालणारी माणसं ठेवलेली मी पाहिली आहेत. तिथून मी पाच मिनिटांत बाहेर पडले.

अमेरिकेत नर्सिंग होमना सरकार पाचपैकी तारे देतं. तपासणीत काय आढळलं, माणसं किती आहेत, हे घरबसल्या वाचता येतं. आपल्याकडे तसं काही नाही. तपासणी तुम्हालाच करायची आहे. मुलगा परदेशात असेल, तर भावाला, भाचीला, शेजारच्या काकांना सांगून करवून घ्यावी लागेल. व्हिडिओ कॉलवर जागा ठरवू नका.

दर आणि दरामागचा हिशेब

पुणे, ठाणे, मुंबई या भागात सध्या चौकशी केली, तर साधारण असे आकडे ऐकू येतात. चालतं-फिरतं माणूस, दोन-तीन जणांच्या खोलीत: महिन्याला १५ ते २५ हजार रुपये. डायपर लागणारं, भरवावं लागणारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस: २५ ते ४५ हजार. स्मृतिभ्रंश झालेलं, रात्री उठून दाराशी जाणारं माणूस: ३५ हजारांपासून पुढे, आणि स्वतंत्र खोली हवी असेल तर ६० हजारांच्याही वर. तालुक्याच्या गावी दर बरेच उतरतात. देणग्यांवर चालणाऱ्या संस्था याहून पुष्कळ कमी घेतात, पण तिथे नंबर लागायला वेळ जातो.

घरी ठेवण्याशी तुलना कराल, तर ब्यूरोकडून २४ तासांची बाई आणायला २२ ते ३० हजार लागतात. तिचं जेवणखाण, तिच्या सुट्टीच्या दिवशीची बदली, रुग्णालयासारख्या खाटेचं भाडं हे वेगळं. घरात दुसरं कुणी धडधाकट असेल आणि आजार स्थिर असेल, तर घर अजूनही स्वस्त पडतं आणि आपलं माणूस आपल्या भिंतींमध्ये राहतं. प्रशिक्षित सिस्टर दोन पाळ्यांत लागत असेल, तर मात्र घराचा खर्च केंद्राच्या पुढे जातो.

आता केंद्राच्या दराकडे मालकाच्या बाजूने बघू. समजा, २० जण आहेत आणि सगळे अंथरुणावर. बारा तासांच्या पाळीत दिवसा चार मावश्या किंवा मामा आणि रात्री दोन, म्हणजे सहा. आठवड्याची सुट्टी धरली की सात माणसं लागतात. प्रत्येकी १८ हजार धरले, तर १ लाख २६ हजार, म्हणजे माणशी ६,३००. दिवसा एक, रात्री एक आणि एक बदली अशा तीन सिस्टर, प्रत्येकी २२ हजार, माणशी ३,३००. जेवण, नाश्ता, चहा, दूध रोजचे १५० रुपये, महिन्याला ४,५००. बंगल्याचं भाडं १ लाख २० हजार धरलं तर माणशी ६,०००. वीज, पाणी, धुणं, स्वयंपाकी, सफाई मिळून साडेतीन हजार. बेरीज २३,६०० रुपये. अजून डॉक्टरांची फी नाही, दुरुस्त्या नाहीत, रिकाम्या खाटांचा भुर्दंड नाही, मालकाच्या घरी एक रुपया गेलेला नाही.

हा हिशेब मी एका मालकिणीसमोर बसून केला. त्यांनी वहीत डोकं घालून तो तपासला आणि म्हणाल्या, ‘धुणं कमी धरलंत ताई.’

म्हणून मोठ्या शहरात, भाड्याच्या जागेत, देणगीचा आधार नसताना कुणी अंथरुणावरच्या माणसाला सगळं धरून १५ हजारांत ठेवतो म्हणाला, तर तो कुठे काटकसर करतो आहे ते शोधा. भाडं कापता येत नाही. तांदूळ-डाळ थोडीफारच कापता येते. कापता येतात ती माणसं, आणि तीही रात्रीची, कारण रात्री बघायला कुणी नसतं. याच्या उलट ५० हजार घेणारी जागा चांगली असेलच असंही नाही. आमची पहिली जागा स्वस्त नव्हती. पैसे बागेत आणि फरशीत गेले होते.

दोन तासांचं गणित

न हलणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. दोघींनी मिळून चादरीला धरून सरकवायचं, पाठीशी उशी लावायची, गुडघ्यांमध्ये उशी घालायची, टाचा अधांतरी राहतील असं पोटऱ्यांखाली काही ठेवायचं, डायपर पाहायचं. भरभर केलं तरी पाच मिनिटं जातात. वीस जणांना शंभर मिनिटं. दोन तासांतली वीस मिनिटं उरली. तेवढ्यात कुणाची चादर भिजते, कुणाला पाणी हवं असतं, कुणी घाबरून हाका मारत असतं. म्हणजे वीस जणांना दोन माणसंसुद्धा जेमतेम पुरतात. सगळेच पूर्ण परावलंबी नसतात आणि हवेच्या गादीने थोडी सवड मिळते, म्हणून ते चालतं. पण एकटीने? एकटीला जड माणूस उचलताच येत नाही. ती त्याला ओढते, आणि ओढताना माकडहाडावरची नाजूक कातडी सोलते.

तेव्हा केंद्रात गेल्यावर हजेरीचं रजिस्टर मागा. मागच्या आठवड्यातल्या रात्रपाळीची नावं मोजा. ‘तीन जणी असतात’ असं ऑफिसात सांगितलं जातं, आणि त्यांतली एक स्वयंपाकाची, एक सुट्टीवर निघते. कूस बदलल्याची नोंद ठेवतात का, तेही विचारा. चांगल्या जागी खाटेच्या पायथ्याशी कागद अडकवलेला असतो: १० डावी, १२ पाठ, २ उजवी, पुढे सही. रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या सकाळी बसून भरल्या आहेत असं समजा. खऱ्या नोंदी वाकड्यातिकड्या असतात. कुठे वेळ चुकलेली असते, कुठे ‘झोपल्या होत्या, उठवलं नाही’ असं लिहिलेलं असतं.

सरळ एक प्रश्न विचारा: सध्या इथे किती जणांना बेडसोर आहेत, आणि त्यांतले किती इथे आल्यानंतर झाले? ‘आमच्याकडे कुणालाच कधी होत नाही’ हे उत्तर मला पटत नाही. आमच्या दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टरने सांगितलं होतं, ‘दोघांना आहेत. एक रुग्णालयातून घेऊन आले, एकाचा आमच्याकडे झाला, आता भरत आलाय, बघायचाय?’ मी तिथेच ठरवलं.

तुमचं माणूस आत राहायला गेलं की दर भेटीत पाहायच्या जागा या: माकडहाड, दोन्ही टाचा, घोटे, खुबे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल ठिकाणी बोटाने दाबून सोडा. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक आहे. दाबूनही लाली तशीच राहिली, तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. या पायरीवर कळलं तर फक्त दाब काढून काम भागतं. उशीर झाला तर रोजचं ड्रेसिंग, प्रसंगी शस्त्रक्रिया. आमचा त्या टाचेवरचा खर्च केंद्राच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढा झाला, आणि आईने जे सोसलं त्याचा हिशेब कुठल्या वहीत बसत नाही.

कधी जायचं, काय बघायचं

मालक बोलावतील त्या वेळी एकदा जा. मग न सांगता दोनदा जा, एकदा सकाळी साडेसहाला आणि एकदा रात्री जेवणानंतर. पहाटेचा वास खोटं बोलत नाही. थोडा वास असणारच, बारा जणांची डायपर त्याच वेळी बदलत असतात. पण जुना, गादीत मुरलेला लघवीचा वास वेगळा असतो, आणि डोळ्यांत जाणारा फिनेलचा वास त्याच्याहून वाईट. भेटायला फक्त रविवारी चार ते सहा यायचं, असा नियम असेल तर तिथे ठेवू नका. कारण काहीही सांगोत.

एखाद्या खाटेजवळची बेल दाबा आणि घड्याळ बघा. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर आहे का पाहा. पुष्कळ ठिकाणी तो खिडकीत असतो, स्वच्छ झाकलेला आणि कुणाच्याही हाताला न लागणारा. नखं, ओठ, जीभ पाहा. कोरडी, पांढरा थर आलेली जीभ म्हणजे पाणी आणि तोंडाची स्वच्छता दोन्ही राहिलं आहे.

दुपारच्या जेवणाला थांबा. ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मऊ भात-वरण भरवताना माणसाला नीट टेकून बसवलं आहे का? घास गिळायची वाट पाहतात, की चमच्यामागे चमचा घालतात? घाईने भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. नाकातून नळी असेल, तर फीड देताना आणि नंतर अर्धा तास तरी डोक्याकडची बाजू उंच हवी. आणि कुणाचे हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले दिसतात का, ते बघा. नळी ओढतात म्हणून बांधलं, असं सांगतील. कधी खरंच इलाज नसतो, पण मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं, घरच्यांना कळवलेलं आणि ठरावीक वेळाने सोडलेलं असायला हवं. अकरा वाजता अख्खा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला, तर गोळ्यांचा तक्ता मागून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा.

मावश्यांशी बोला. ‘इथे किती दिवस झाले?’ एवढंच विचारा. तिघींपैकी दोघी दोन वर्षांच्या वर असतील तर जागेत काही बरं आहे. सगळ्याच महिन्याभरापूर्वी आलेल्या असतील, तर पगार वेळेवर होत नसावा. भाषाही विचारात घ्या. दूरच्या राज्यांतून आलेल्या मुली फार मायेने काम करतात, मी पाहिलं आहे. पण स्मृतिभ्रंशाच्या माणसाला शेवटी मायबोलीच उरते. ‘शी लागलीय’ हे कळायला प्रत्येक पाळीत एक तरी मराठी समजणारं माणूस हवं.

आल्या दिवशी वजन करून लिहून घ्या आणि दर महिन्याला करायला सांगा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे ५० किलोंच्या बाईचं अडीच किलो, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजता येतो.

बिलात पुढे काय येतं

सांगितलेला दर आणि महिनाअखेरचं बिल यांत आठ-दहा हजारांचा फरक सहज पडतो. सगळ्यात मोठा भाग डायपरचा. एक डायपर ३० ते ५० रुपयांना, दिवसाला तीन-चार. महिन्याचे तीन ते सहा हजार. ते बाहेरून आणून देण्याची मुभा आहे का, ते आधी विचारा. घाऊक घेतली तर बरीच स्वस्त पडतात. शिवाय औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या, फिजिओथेरपी, ड्रेसिंगचं सामान, नळी किंवा कॅथेटर बदलण्याचे पैसे, हवेच्या गादीचं भाडं. रुग्णालयात न्यावं लागलं तर सोबतीच्या माणसाचे वेगळे. मागच्या महिन्याचं, तुमच्या माणसासारख्याच अवस्थेतल्या एखाद्याचं खरं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगा. दरपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं. जीएसटी लागणार का, तेही विचारून घ्या. धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसाला, राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५ हजारांपर्यंतच्या शुल्कावर तो माफ आहे.

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. अनामत किती आणि किती दिवसांत परत. रुग्णालयात दाखल असताना खाट राखून ठेवण्याचे पैसे किती. सोडायचं झालं तर सूचना किती दिवसांची. आणि महिन्याच्या मध्येच माणूस गेलं, तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का. हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तरी विचारा. त्याला जोडून आणखी एक: रात्री माणूस गेलं तर कोणते डॉक्टर येतात आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देतं? ती सोय नसेल तर पहाटे दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. विश्रांती, पुनर्वसन, अंघोळ-भरवणं-उठवणं यांसारखी नुसती देखभाल यांचा खर्च पॉलिसीत सहसा वगळलेला असतो. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण २०२४ पासून आहे, त्याचं कार्ड जरूर काढून ठेवा. पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, केंद्राच्या महिन्याच्या बिलासाठी नाही. बिलात राहण्याचा, औषधांचा आणि वैद्यकीय सेवेचा खर्च वेगवेगळा दाखवून मागा. प्राप्तिकराच्या वेळी सीएला तोच लागतो.

बिनसलं तर

आधी लेखी द्या, तारखेसह, फोटो जोडून. तोंडी तक्रारीचं उत्तर तोंडी मिळतं आणि संध्याकाळी पाळी बदलली की विरून जातं. मी स्वतः पहिले दहा दिवस फक्त बोलत राहिले, ही माझी चूक होती. आईला तिथेच ठेवायचं आहे, ते रागावले तर तिचे हाल करतील, ही भीती प्रत्येक घराला असते. त्यामुळे तक्रार लिहिता लिहिताच दुसरी जागा बघून ठेवा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ ही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली कसूर ग्राहक कायद्यात बसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि सेवेसाठी तुम्ही दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी लागत नाही. मारहाण, उपासमार किंवा पैसे-दागिन्यांची लूट दिसली, तर कशाचीही वाट न पाहता पोलिसांत जा.

दुसऱ्या केंद्रात दाखल करताना सिस्टरने मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, आजींबद्दल लिहा. औषधं नकोत, ती फाइलमध्ये आहेत. मी लिहिलं: उजव्या कानाने ऐकू येतं, डाव्या बाजूने बोलू नका. चहा बशीत ओतून द्या, कपाने सांडतो. अंघोळीआधी पाणी हाताला लावून दाखवा, नाहीतर घाबरते. तिन्हीसांजेला दिवा लावला का विचारते, हो म्हणा. कुंकू लागतं, टिकली नको. रात्री ‘बाळ्या’ म्हणून हाक मारली तर तो तिचा धाकटा भाऊ, लहानपणीच गेलेला. बाळ्या झोपला म्हणून सांगितलं की ती शांत होते.

तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी खाटेच्या डोक्याशी लावला. दोन महिन्यांनी एका रात्री मी न सांगता गेले, तेव्हा दोन मावश्या आईची कूस बदलत होत्या. एकीने तिच्या पोटऱ्यांखाली उशी सरकवली, दुसरी तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगत होती, बाळ्या झोपला हो आजी, तुम्ही पण झोपा.